लाउडन काउंटीची वही

या वेळेला तुम्ही एरवी शेळ्यांची लस, बचत गटाचं व्याज, नाहीतर उन्हाळी वाळवणं असलं काही ऐकता. आज मी पडक्या शाळा, कबरी आणि कच्चे रस्ते यांच्याबद्दल बोलणार आहे, आणि तेही अमेरिकेतल्या. लगेच रेडिओ बंद करू नका. शेवटी मी आपल्याच गावात येणार आहे, आणि आल्यावर मला एक गोष्ट कबूलही करायची आहे.

धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने तिच्याकडे राहून आले, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. डिंकाचे लाडू इथूनच करून नेले होते. ती राहते व्हर्जिनिया राज्यात, अ‍ॅशबर्न नावाच्या गावात. त्यांची राजधानी वॉशिंग्टन तिथून पन्नासेक किलोमीटर. हा सगळा भाग लाउडन काउंटीत येतो. काउंटी म्हणजे कारभाराच्या दृष्टीने आपला जिल्हा समजा, आकाराने मात्र आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. १७५७ सालची काउंटी. दोनशे वर्षं शेती, दूधदुभतं, घोडे, पाणचक्क्या हेच तिथलं जगणं होतं. मग १९६२ साली काउंटीच्या कडेला मोठा विमानतळ झाला, पुढे कॉम्प्युटरचा धंदा आला, आणि माणसं वाढायला लागली. १९९० मध्ये तिथली लोकसंख्या ८६ हजार होती. २०२० मध्ये ती ४ लाख २० हजारांवर गेली. तीस वर्षांत जवळजवळ पाचपट! त्यात आपले भारतीय पुष्कळ. लेकीच्या गल्लीत संध्याकाळी फिरायला निघालं की तेलुगू, गुजराती, मराठी सगळं कानावर पडतं. फोडणीचा वाससुद्धा येतो.

पण मला पहिल्या आठवड्यात दिसलं काय, तर गोदामासारख्या प्रचंड इमारती, खिडकी म्हणून नाही. जावई म्हणाले, आई, ही डेटा सेंटरं. जगभरच्या लोकांचे फोटो, पैशांचे व्यवहार, सगळं साठवणारी आणि फिरवणारी यंत्रं आत आहेत. अशी जगात सगळ्यात जास्त दाटी याच भागात आहे म्हणे. म्हणजे तुम्ही मला नातवाच्या बारशाचा फोटो मागता तो कदाचित तिथूनच येतो. असो.

नातवाला बाबागाडीत घालून मी रोज सकाळी चालायला जायची. एक दिवस अ‍ॅशबर्न रोडवर झाडांच्या आडोशाला एक लहानसं लाकडी घर दिसलं. फळ्यांच्या भिंती, एकच खोली. लेकीला विचारलं तर ती हसली. म्हणाली, आई, पहिली काही वर्षं मी त्याला कोणाचं तरी अवजारघर समजत होते. ती शाळा आहे. १८९२ साली काळ्या मुलांसाठी बांधलेली. १९५९ पर्यंत तिथे वर्ग भरत होते. नाव अ‍ॅशबर्न कलर्ड स्कूल. तो ‘कलर्ड’ शब्द तिकडे आता कोणी बोलत नाही, शाळेच्या नावात तेवढा राहिलाय.

या शाळेची गोष्ट जगभरच्या वर्तमानपत्रांत आली होती. २०१६ साली पाच शाळकरी मुलांनी रात्री जाऊन तिच्या भिंतींवर रंगाचे फवारे मारले. गोऱ्यांचीच सत्ता, अशा अर्थाच्या घोषणा लिहिल्या, हिटलरच्या पक्षाची निशाणी काढली. ही जागा तेव्हा एका लहान खाजगी शाळेच्या ताब्यात होती आणि तिथलेच विद्यार्थी ती जुनी इमारत दुरुस्त करण्यासाठी पैसे जमवत होते. मुलं सापडली. खटला चालवणाऱ्या सरकारी वकील अलेहांद्रा रुएडा या एका ग्रंथपाल बाईंची लेक. त्यांनी न्यायाधीशांना सुचवलं, यांना पुस्तकं वाचायला लावा. पस्तीस पुस्तकांची यादी केली. त्यातलं महिन्याला एक, असं वर्षभर वाचायचं आणि प्रत्येकावर लिहून द्यायचं. शिवाय हिटलरने मारलेल्या ज्यूंच्या स्मृतीचं संग्रहालय जाऊन बघायचं. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. शाळा रंगवायला शेजारपाजारची माणसं आली, देणग्या आल्या, आणि शाळा दुरुस्त झाली.

ही गोष्ट ऐकून मला बरं वाटलं, हे खरं. पण मनात एक खोचही राहिली. त्या भिंतींवर कोणी घाण केली नसती तर माझ्या लेकीसारख्या हजारो नव्या रहिवाशांना ती शाळा आहे हे कळलं असतं का? आणि कळायच्या आधीच बिल्डरने ती पाडली असती तर?

लेकीच्या ओळखीतून मला एक बाई भेटल्या. सत्तरीच्या, निवृत्त, गोऱ्या. काउंटीच्या जुन्या जागांची नोंद करायला स्वयंसेवक म्हणून जायच्या. तिकडे वयाचा मुलाहिजा न ठेवता सगळे नावाने हाका मारतात, मला ते काही जमलं नाही. मी त्यांना ताई म्हणायला लागले, आणि त्यांनाही ते आवडलं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, तुमच्या गावात सगळ्यात जुनं काय आहे? मी म्हटलं, मारुतीचं देऊळ. त्यांनी विचारलं, त्याहून जुनं? मी गप्प बसले. का गप्प बसले ते नंतर सांगते.

या ताई मला लीसबर्गला घेऊन गेल्या. लीसबर्ग म्हणजे काउंटीचं मुख्य ठिकाण. तिथे थॉमस बाल्च लायब्ररी आहे, १९२२ पासूनची. फक्त इतिहासाची आणि घराण्यांच्या वंशावळींची. तिथे कपाटांत जमिनीचे खरेदीखत, मृत्युपत्रं, नकाशे, चर्चच्या नोंदी, जुने फोटो. ताईंनी मला एक कोरा फॉर्म दाखवला. आपल्याकडे घरपट्टीचा उतारा असतो ना, तसाच दिसत होता. जागा कुठे, रस्त्यापासून किती लांब, भिंत कशाची, छप्पर कशाचं, धुराडी किती, पाया दगडाचा की विटेचा, बांधलं कधी, कोणी, नंतर काय काय बदललं, आज कोणत्या अवस्थेत आहे. सोबत फोटो आणि हाताने काढलेला आराखडा. पाहणी दोन तऱ्हेची असते. एक रस्त्यावरूनच बघून केलेली, म्हणजे घर आहे एवढी दखल. दुसरी आत जाऊन, मापं घेऊन, कागद धुंडाळून. साधारण पन्नास वर्षांपेक्षा जुनी कुठलीही वास्तू यात येऊ शकते. गोठा, धान्याचं कोठार, पूल, गिरणी, विहिरीवरचं छप्पर, काहीही. प्रत्येक जागेला राज्याच्या खात्याकडून नंबर मिळतो. लाउडनच्या नंबरांची सुरुवात ०५३ ने होते. ताई म्हणायच्या, नंबर मिळाला की ती जागा जन्माला आली.

मला हे वाक्य फार पटलं. आपल्याकडे नाही का, दाखला नसला की माणूस समोर उभा असूनही साहेब म्हणतात, तुम्ही नाहीच.

आता यातली खरी गोम ऐका. कोणाची नोंद आधी झाली? अमेरिकेत जुन्या जागा जपण्याचा मोठा कायदा १९६६ साली झाला. त्यानंतर राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. लाउडनमधून त्यात पहिल्यांदा काय गेलं असेल? अर्थात मोठे वाडे. ओटलंड्स नावाचा एक मळा आहे, खांबांचा पांढरा वाडा, पायऱ्यापायऱ्यांची बाग. मी पाहिला, देखणाच आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभीच तो राष्ट्रीय महत्त्वाचं स्थळ ठरला. पण त्या मळ्यावर १८६० साली १३३ माणसं गुलामगिरीत होती. काउंटीत एका मालकाकडे एवढी माणसं दुसरीकडे कुठेच नव्हती. बाग त्यांनी खणली, विटा त्यांनी वाहिल्या. त्या काळच्या शिरगणतीत गुलामांची पानं वेगळी असत आणि त्या पानांवर नाव लिहीतच नसत. वय, स्त्री की पुरुष, रंग. संपलं. सगळ्या काळ्या माणसांची नावं शिरगणतीत यायला १८७० उजाडावं लागलं.

गुलामगिरी सुटल्यावर ओटलंड्सवरच्या काही माणसांनी जवळच्याच टेकडीवर जमिनीचे तुकडे घेतले, घरं बांधली, चर्च बांधलं. त्या वस्तीला ग्लीड्सव्हिल म्हणतात. अशा वस्त्या लाउडनमध्ये ठिकठिकाणी होत्या. पाच-दहा घरं, एक चर्च, एक शाळा, मागे स्मशान. नकाशात काहींची नावंसुद्धा नव्हती. घरं लाकडाची, साधी, नंतर पत्रे ठोकलेली. पाहणी करायला आलेला माणूस गाडीतून बघणार आणि म्हणणार, यात बघण्यासारखं काय आहे?

मग या वस्त्यांची माणसंच पुढे आली. ज्या बाल्च लायब्ररीत काळ्या माणसांना साठच्या दशकापर्यंत पाऊल टाकू देत नव्हते, त्याच लायब्ररीच्या मित्रमंडळात २००० साली काळ्यांच्या इतिहासाची समिती झाली. त्यांनी काउंटीच्या मागे लकडा लावला, आणि २००४ साली फक्त काळ्या समाजाच्या वास्तूंची स्वतंत्र पाहणी पूर्ण झाली. घरं, शाळा, चर्चं, सभागृहं, दफनभूमी. यात कागद कमी आणि तोंडी आठवणी जास्त लागतात. कुठल्या घरात सुईण राहायची, शाळेचं पाणी कुठल्या झऱ्यावरून यायचं, हे कोणत्या खरेदीखतात लिहिलंय? ते म्हाताऱ्यांनाच माहीत, त्यातही म्हाताऱ्या बायकांना. विलिसव्हिल नावाची अशीच एक वस्ती २०१९ साली राष्ट्रीय नोंदवहीत गेली. ओटलंड्सचा वाडा आणि विलिसव्हिलची घरं, दोन्ही एकाच काउंटीतली. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

ताईंनी मला लीसबर्गमध्ये अजून एक इमारत दाखवली आणि तिची गोष्ट आपल्या बचत गटाच्या बायकांनी कान देऊन ऐकावी. डग्लस हायस्कूल. काळ्या मुलांना काउंटीत धड हायस्कूल नव्हतं. आईबापांनी अर्ज केले, खेटे घातले. शेवटी त्यांनी स्वतःच पैसे जमवायला घेतले. चार हजार डॉलर उभे केले, आठ एकर जमीन विकत घेतली, आणि ती एका डॉलरला काउंटीला देऊन टाकली. घ्या जमीन, आता तरी शाळा बांधा! १९४१ साली शाळा उघडली. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा लाउडनमध्ये खऱ्या अर्थाने एक व्हायला १९६८ उजाडलं, तेही कोर्टाच्या हुकमाने. आपल्याला स्वातंत्र्य मिळून तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

या आईबापांचे अर्ज सापडले तेही ऐकण्यासारखं आहे. लीसबर्गच्या एका जुन्या बंद शाळेचा वापर सामान ठेवायला होत होता. तिथल्या अडगळीत या शाळांची दप्तरं पडून होती. स्वयंसेवकांनी ती उकलली, धूळ झाडली, क्रमाने लावली. शाळेला इमारत द्या, मुलांना गाडी द्या, अशा मागण्यांचे कागद, खाली पालकांच्या सह्या. या कामाला नाव दिलंय एडविन वॉशिंग्टन याचं. तो कोणी पुढारी नव्हता. १८६७ साली लीसबर्गच्या हॉटेलात काम करणारा सोळा वर्षांचा पोरगा. दोन कामांच्या मधल्या वेळात शाळेत जायची मुभा मिळावी, एवढीच त्याची अट होती.

सगळ्यात अवघड काम दफनभूमींचं. वाडा दिसतो, शाळा दिसते, कबर कशी दिसणार? मालकांच्या कबरींवर संगमरवर, गुलामांच्या कबरींवर शेतातला ओबडधोबड दगड, एक उशाशी, एक पायथ्याशी. नाव नाही. रान माजलं की नुसता दगड. तर ती ओळखायची कशी, हे ताईंनी मला रानात नेऊन दाखवलं. हिवाळ्यात जायचं, पानं गळालेली असताना. जमीन जिथे पूर्व-पश्चिम लांबट दबलेली दिसते तिथे थांबायचं. सारख्या अंतरावर दगड आहेत का बघायचं. आणि जमिनीवर पसरलेली एक हिरवी वेल शोधायची, निळ्या-जांभळ्या फुलांची. तिकडचे लोक ती कबरींवर लावायचे, कारण ती बारमाही हिरवी राहते आणि माती धरून ठेवते. माणसं गेली, वस्ती गेली, वेल मात्र आहे. मी वाकून फूल बघितलं आणि म्हटलं, अगंबाई, ही तर आपल्या सदाफुलीची बहीण! घरी येऊन जावयांनी शोधून सांगितलं, खरंच एकाच कुळातल्या आहेत.

लेकीच्या घरापासून फार लांब नाही, बेल्मॉंट नावाचा एक जुना मळा होता. आता तिथे गोल्फचं मैदान आणि घरांच्या वसाहती. हमरस्त्याच्या कडेला झाडीत त्या मळ्यावरच्या गुलामांची दफनभूमी होती. मिशेल थॉमस या धर्मोपदेशक बाईंनी तिचा पाठपुरावा केला, ती उजेडात आणली, साफ करवली. आज ती जागा त्यांच्या संस्थेकडे आहे. तिथे मी पाच मिनिटं उभी राहिले. एका बाजूला गाड्यांचा आवाज, दुसऱ्या बाजूला पानांत बुडालेले दगड. मोजत गेले, मग मोजायचं सोडून दिलं. व्हर्जिनियात कायदा असा आहे की कबर खाजगी जमिनीत असली तरी वंशजांना तिथे जाऊ द्यावं लागतं. पण त्यासाठी कबर आहे हे आधी माहीत पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, नोंद झाली म्हणजे जागा वाचली. मलाही तसंच वाटलं होतं. तर नाही. ताईंनी हसत हसत सांगितलं की राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेलं घर मालकाला पाडायचं असेल तर तो पाडू शकतो. ती नोंदवही सरकारी पैशाने होणाऱ्या कामांना थांबून विचार करायला लावते, खाजगी मालकाचा हात धरत नाही. हात धरायचा असेल तर काउंटीने स्वतःचा नियम करावा लागतो. तसा लाउडनने काही गावांपुरता केलाय. वॉटरफर्ड हे त्यातलं एक. क्वेकर पंथाच्या लोकांनी अठराव्या शतकात वसवलेलं गाव. १९४३ साली तिथल्या लोकांनी संस्था काढून पडकी घरं विकत घ्यायला, दुरुस्त करायला सुरुवात केली. १९७० साली गावच्या घरांसकट भोवतालची शेतंही राष्ट्रीय स्थळ झाली. मला हे आवडलं की त्यांनी शेतं धरली. नुसती घरं ठेवून भोवती वसाहती उठल्या तर ते गाव कसलं, तो देखावा. तिथे काळ्या मुलांची १८६७ सालची एकखोली शाळा आहे. आजची शाळकरी मुलं तिथे एक दिवस जुन्या काळच्या वर्गात बसतात, आणि प्रत्येकाला त्या काळातल्या एका खऱ्या मुलाचं नाव मिळतं. दिवसभर तो त्याच नावाने हजेरी देतो.

पण सगळं गोड नाही. असल्या गावात घर घ्यायचं तर सामान्य माणसाने नावही काढू नये, एवढ्या किमती. खिडकी बदलायची तरी समितीची परवानगी. ज्यांच्या आजोबांनी ती घरं बांधली त्यांना तिथे राहणं परवडतं का, हा प्रश्न मी ताईंना विचारला. त्या म्हणाल्या, हा प्रश्न आमच्या फॉर्मवर नाही. प्रामाणिक बाई.

आणि रस्त्यांचं तर बघा. लाउडनच्या पश्चिम भागात अडीचशे मैलांहून जास्त मुरूम-खडीचे कच्चे रस्ते आहेत. काही अठराव्या शतकातले, घोडागाडीचे, दोन्ही अंगाला रचलेल्या दगडांच्या ताली. ते डांबरी होऊ नयेत म्हणून लोक सभा घेतात, फोटो काढतात, इतिहास लिहितात! २०२० साली राज्यातल्या धोक्यात आलेल्या ऐतिहासिक जागांच्या यादीत या रस्त्यांचं नाव आलं. मला हसू आवरेना. आमच्याकडे वस्तीवरच्या रस्त्याला खडी पडावी म्हणून मी तीन वेळा निवेदन दिलंय, आणि इथे ही माणसं धूळ वाचवतायत. तिथेही सगळ्यांचं एकमत नाही बरं का. धुळीने दमा होतो, पावसात गाडी घसरते, असं म्हणणारे शेजारी आहेतच. मी त्यांच्याच बाजूची. पण एक सांगते, त्या रस्त्यांची प्रत्येक ताल, प्रत्येक वळण कागदावर आहे. उद्या डांबर पडलंच तरी काय बुजवलं ते त्यांना ठाऊक असेल.

आम्हाला ठाऊक नाही. आता माझी कबुली.

मी ग्रामपंचायतीची सदस्य असताना आपल्या गावचा रस्ता रुंद झाला. ओढ्याकडे उतरताना उजव्या हाताला एक बारव होती. जुन्या बायकांना आठवेल. वापर बंद झालेला, आत कचरा, साप. पोरं पडतील म्हणून सगळ्यांना भीती. ठेकेदाराने विचारलं, भर टाकू का? ठरावाला मी हात वर केला. दोन दिवसांत जेसीबीने काम उरकलं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं, डासांचं घर गेलं.

लाउडनच्या त्या ताईंनी विचारलं, मारुतीच्या देवळाहून जुनं काय, तेव्हा मला ती बारव आठवली. म्हणून गप्प बसले. परत आल्यावर मी तिच्याबद्दल लिहून काढायला बसले आणि चार ओळी झाल्या नाहीत. पायऱ्या किती होत्या? कोणी म्हणतं एकवीस, कोणी म्हणतं तीस. आत कोनाडा होता, त्यात मूर्ती कोणाची? शिलालेख होता की नुसती नक्षी? माझ्या चुलतसासूबाई तिथे नव्या नवरीच्या ओट्या भरल्या जायच्या असं सांगायच्या, त्यांचीही गाणी होती. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. एक फोटो नाही. आज तर बारवेचं तोंड नेमकं कुठे होतं यावरही दोन मतं आहेत. मी ती बुजवायला नको म्हणायला हवं होतं, असं मी आज छातीठोक म्हणत नाही. कदाचित बुजवावीच लागली असती. पण बुजवायच्या आधी दोन तास दोरी घेऊन मापं घेतली असती तर काय बिघडलं असतं?

साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटांची विहीर तुमच्यातल्या काही जणींनी पाहिली असेल. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. ती आज टिकून आहे, लोक लांबून बघायला येतात. बांधणाऱ्या बाईचं नावही आपल्याला माहीत आहे. अलीकडे तरुण पोरं राज्यभर फिरून बारवांच्या नोंदी करतायत, नकाशावर ठिपके टाकतायत, गाळ काढतायत. चांगलं काम आहे. पण सगळं त्यांच्यावर सोडून चालणार नाही. ते येणार मोठ्या, देखण्या बारवांकडे. ओढ्यावर आपण ज्या दगडावर धुणं आपटतो, त्याच्या खालच्या अंगाला घोड्यावरचा वीर कोरलाय, हे आपल्यालाच माहीत.

आणि अजून एक, जरा अवघड बोलते. आपण आपल्या गावची यादी करायला बसलो तर पहिल्यांदा काय लिहू? मारुती, पाटलाचा वाडा, वेस. मीही तेच लिहिलं होतं. लाउडनवाल्यांनीही आधी वाडेच लिहिले होते. वेशीबाहेरच्या वस्तीचा पाणवठा वेगळा होता, तो आज कुठे आहे? महाडचं चवदार तळं १९२७ मुळे सगळ्या देशाला ठाऊक झालं. आपल्या गावातल्या त्या आडाबद्दल कोणी सांगायचं? तो आड कोणी खणला, कोणाला तिथे यावं लागत होतं आणि का, हेही वहीत आलं पाहिजे, आणि ते तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून आलं पाहिजे. मी त्या वस्तीवरच्या एका आजींकडे गेले होते. त्या म्हणाल्या, पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणी हे विचारायला आलं. पुढे अर्धा तास बोलत होत्या. मी लिहायला कमी पडले.

तर मी एक दोनशे पानी वही घेतली आहे. लाउडनच्या फॉर्मसारखेच प्रश्न मराठीत लिहून काढलेत. जागा कुठे, कोणाच्या गटात, कशाची बांधलेली, कोण काय आठवण सांगतं, सांगणाऱ्याचं नाव आणि वय. नंबर आपणच घालायचा, एकपासून. पहिल्या पानावर मी ती बुजवलेली बारव लिहिली आहे, जेवढी आठवते तेवढी. ज्यांना पायऱ्या आठवत असतील त्यांनी येऊन भांडावं, चालेल.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आपण ओढ्यापासून सुरुवात करणार आहोत. मोजायला दोरी मी आणते. ज्यांच्या घरी फोटो निघणारा फोन आहे त्यांनी तो चार्ज करून आणा, आणि ज्यांच्या घरी सत्तरीपुढची सासू, आई, आजी आहे त्यांनी तिला सावलीत बसायला घोंगडी घेऊन सोबत आणा. चहा माझ्याकडे. नमस्कार.